कवचातली सायकल आणि बारा महिने

रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला विचारून पाहावे, त्रास कशाचा होतो? अंतराचे नाव तो सहसा शेवटी घेतो. आधी येतात समोरचा वारा, पाऊस, थंडी आणि ऊन. या तक्रारींवर युरोपात निघालेला एक उपाय म्हणजे वेलोमोबाइल : चालवणाऱ्यालाच कवचात घेणारी पायडलची गाडी. बहुधा पुढे दोन चाके, मागे एक. माणूस रेलून, पाय पुढे करून बसतो. अनेक प्रकारांत डोके तेवढे बाहेर राहते. वजन तीसएक किलो.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी १९२०च्या दशकात मुलासाठी पायडलची छोटी चारचाकी बनवली आणि त्यातून पुढे मोठ्यांची ‘वेलोकार’ आली. त्यांच्याच रेलून चालवायच्या दुचाकीवर फ्रान्सिस फोर याने १९३३ मध्ये तासाभरात ४५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या बदलून असा आकार शर्यतींतून बाद केला. बंदी फक्त शर्यतींपुरती होती. पण लोकांना दिसत होती शर्यतीतलीच सायकल, आणि हा आकार मागे पडला. १९८०च्या दशकात डेन्मार्कमध्ये कार्ल गेओर्ग रासमुसेन यांची ‘लाइट्रा’, आणि २०००च्या सुमारास नेदरलँड्समधील ड्रॉन्टेन गावी ‘क्वेस्ट’ आली, तेव्हा कामावर जायचे वाहन म्हणून तो परतला.

कवचाचा पहिला फायदा वाऱ्याशी आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो तोडायला आठपट शक्ती लागते. निमुळत्या कवचामुळे हा अडथळा इतका घटतो, की साध्या सायकलीला ताशी २० किलोमीटरच्या आसपास नेणाऱ्या श्रमात ही गाडी सपाटीवर तिशी ओलांडते. ड्रॉन्टेन हे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरचे गाव. तिथे चढ नाही. आडोसा नसलेला वारा आहे.

दुसरा फायदा उबेचा. स्नायू खर्च केलेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा कामात आणतात. उरलेली उष्णता होते. पायडलवर १०० वॅट पडत असतील तर अंगातून ३०० वॅट बाहेर पडतात, म्हणजे जुन्या शंभरच्या तीन बल्बांइतके. डच हिवाळ्यात हीच शेगोटी. पाय कोरडे, चेन झाकलेली, त्यामुळे चिखल-पाण्याने ती लवकर खराब होत नाही. बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर दुचाकी आडवी होते, तीन चाकांची गाडी उभी राहते. मात्र साचलेल्या बर्फात तिचे पोट घासते आणि मागचे एकटे चाक जागीच फिरते. पावसात मानेभोवती स्पंजचे झाकण लावले की पाणी थांबते, पण चष्म्यावर वाफ धरते. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. इतकी बुटकी गाडी मोटारवाल्यांना दिसावी म्हणून दिवे आणि उंच झेंडी हवी.

उन्हाळ्यात हिशेब उलटतो. तेच ३०० वॅट आता बाहेर जायला वाट शोधतात. गाडी पळत असेल तर पायांकडच्या फटींतून आत येणारा वारा पुरतो. चढावर मात्र वेग मंदावतो, वारा थांबतो आणि नेमके तेव्हाच श्रम सर्वाधिक असतात. आपल्या घाटात, वैशाखात, हे कवच भट्टी होईल. शिवाय जमिनीलगतचे पोट गतिरोधकावर अडेल, ते वेगळेच.

म्हणून हे वाहन जसेच्या तसे इकडे आणावे, असे मी म्हणणार नाही. घ्यायचा तो त्यामागचा प्रश्न : आपल्या ऋतूंपासून पायडल मारणाऱ्याला काय हवे? उत्तर साधे आहे. वर छप्पर, बाजू मोकळ्या. हे छप्पर आपल्याला अनोळखी नाही. नागपूरची किंवा कोलकात्याची सायकलरिक्षा आठवा. उघडझाप होणारा टप तिला आहे. पण तो बसलेल्या प्रवाशावर. ज्याच्या अंगातून ते ३०० वॅट निघत असतात, तो पुढे उन्हात आणि पावसात उघडाच राहिला. मोशे यांनी कवच चालवणाऱ्याभोवती बांधले. हा फरक यंत्रविद्येचा फारसा नाही; कोणाचे श्रम झाकण्याजोगे वाटले, याचा आहे.