अ‍ॅलर्जीची नोंद आहे. संगणकाला ती कळते का?

रुग्णाला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद संगणकात असूनही डॉक्टरांनी 'ऑगमेंटिन' लिहिले, तर धोक्याचा इशारा मिळेलच असे नाही. 'ऑगमेंटिन'मधील अ‍ॅमॉक्सिसिलीन पेनिसिलीन गटातीलच आहे. डॉक्टरांना हे ठाऊक असते. संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

त्यासाठी अमेरिकेत नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 'आरएक्सनॉर्म' ही संकेतावली तयार केली. तीत औषधांना स्वतंत्र क्रमांक असून व्यापारी नावे मूळ घटकांशी जोडलेली असतात. अशा क्रमांकांच्या व औषधगटांच्या याद्यांच्या आधारे प्रणाली नवे औषध अ‍ॅलर्जीशी ताडून पाहते. परंतु नोंद यादीतून न निवडता 'पेनिसिलीनने पुरळ' अशी मोकळ्या शब्दांत टंकलेली असेल, तर तिला क्रमांकच नसतो आणि ती तपासणीतून निसटू शकते.

अक्षरसाम्यावरून संगणक जवळचा संकेत सुचवू शकतो. मात्र 'सल्फा' औषधे आणि 'सल्फेट' क्षार यांत साम्य केवळ नावाचे आहे. म्हणूनच अशी जुळणी जाणकाराने पडताळायला हवी आणि न जुळलेली नोंद 'तपासलेली नाही' असे पडद्यावर स्पष्ट दिसायला हवे. इशारा न येणे म्हणजे औषध सुरक्षित असणे नव्हे.