रात्रीची पाळी आणि गरम जेवण : मायक्रोवेव्हचा खरा उपयोग



ऊस हे पाण्याचे पीक आणि पाणी चालते विजेच्या वेळापत्रकावर. ज्या फीडरवर अजूनही आलटून-पालटून रात्रीची वीज येते, तेथील सभासदांना हे वेगळे सांगायला नको. रात्री मोटार सुरू करायची, सऱ्या भरायच्या आणि दीड-दोन वाजता चिखलाच्या पायांनी घरी यायचे. समोर गार आमटी आणि कडक झालेली भाकरी. ती गरम हवी तर घरातल्या बाईने झोपेतून उठायचे, गॅस पेटवायचा, वाढायचे, आणि परत पहाटे धारा काढायला उठायचे. म्हणजे पाळी एकाची अन् जागरण दोघांचे!

आता आपल्या कार्यक्षेत्रातही काही घरांतून मायक्रोवेव्ह आला आहे. कुठे लेकीच्या लग्नात आहेर म्हणून, कुठे शहरातल्या मुलाने आणून दिला म्हणून. पण काही ठिकाणी त्यावर विणलेले कव्हर घालून वर फुलदाणी ठेवलेली असते. वापर का नाही, असे विचारले तर उत्तर येते, ‘‘अहो, त्याच्या किरणांची भीती वाटते,’’ नाहीतर ‘‘त्यात आपलं जेवण कुठं होतंय?’’ या दोन्ही शंकांचा विचार या लेखात करू.

हे यंत्र आले कोठून?

दुसऱ्या महायुद्धात विमाने हुडकण्यासाठी रडार वापरीत. त्यातील लहरी निर्माण करणाऱ्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे तंत्रज्ञ या नळीवर काम करीत. या लहरींनी खाद्यपदार्थ तापतात हे त्यांनी हेरले आणि 1945 साली पेटंटसाठी अर्ज केला. 1947 मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र सुमारे 6 फूट उंच आणि 340 किलो वजनाचे होते. घरातल्या ओट्यावर मावेल असे यंत्र अमेरिकेत 1967 साली खपू लागले.

काम कसे चालते ते पाहा. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना सेकंदाला अब्जावधी वेळा हेलकावे देतात, त्यातून उष्णता निघते. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या उष्णतेने तापतो. म्हणून मध्येच ढवळणे जरुरीचे.

राहिली किरणांची गोष्ट. ही किरणे एक्स-रेच्या जातीची नव्हेत. त्यांनी अन्न तापते, अन्नात काही शिल्लक राहत नाही. दार उघडताच लहरी बंद होतात. मात्र दार वाकलेले किंवा नीट बसत नसलेले यंत्र दुरुस्त केल्याशिवाय वापरू नये.

भांडे कोणते?

आपल्या घरात स्टील, पितळ आणि ॲल्युमिनियम भरपूर. पण नेमके हेच यात चालत नाही. धातूवरून लहरी परततात, ठिणग्या उडतात. सोनेरी काठाची कपबशीही नको. ओव्हनला चालणारी जाड काच किंवा चिनी माती वापरावी. रिकामे यंत्र चालवू नये. अंडे कवचासह ठेवू नये, फुटते. बाळाचे दूध एकीकडे कोमट आणि दुसरीकडे कढत होऊ शकते, म्हणून हलवून, हातावर थेंब टाकून पाहावे.

झटपट होणारे चार पदार्थ

पुढील वेळा साधारण 700-800 वॅटच्या साध्या यंत्रासाठी आहेत.

1. शेंगदाणे : वाटीभर दाणे पसरट भांड्यात 3 ते 4 मिनिटे. दर मिनिटाला हलवावेत. बाहेर काढल्यावरही ते थोडे भाजत राहतात, म्हणून जरा आधीच थांबावे. कुटासाठी उत्तम.

2. उडदाचा पापड : एक पापड 40 ते 60 सेकंद. तेलाचा थेंब लागत नाही.

3. बटाटे : दोन मध्यम बटाट्यांना काट्याने चार-सहा ठिकाणी टोचावे, म्हणजे आतली वाफ बाहेर पडून साल फुटत नाही. 5 ते 6 मिनिटांत भाजीला तयार.

4. पिठले : खोलगट भांड्यात दोन चमचे तेल, मोहरी, ठेचलेला लसूण आणि मिरची घालून वर झाकण टेकवावे व 2 मिनिटे ठेवावे. अर्धी वाटी बेसन दीड वाटी कोमट पाण्यात मीठ-हळद घालून गुठळ्या मोडून कालवावे आणि त्यात ओतावे. गार पाणी नको, तापलेल्या काचेला तडा जातो. मग 4 ते 5 मिनिटे, दर मिनिटाला ढवळून.

जे होत नाही तेही सांगितले पाहिजे. भाकरी तव्यावरच करावी. तूरडाळीला कुकरच बरा. वांगे यात शिजते, पण विस्तवावरच्या भरताचा धुरकट वास त्याला येत नाही. चूल किंवा गॅस मोडीत काढण्याचे हे यंत्र नव्हे.

विजेचे काय?

असे यंत्र चालताना सुमारे 1200 वॅट वीज ओढते. चार मिनिटे चालविले तर एका युनिटचा बारावा-तेरावा भाग खर्च होतो. खर्च थोडा, पण भार मोठा. अर्थिंग असलेले तीन पिनांचे वेगळे सॉकेट हवे. लांबणीची वायर लावू नये. घरातला लहान इन्व्हर्टर हा भार सोसत नाही. मळ्यातल्या वस्तीवर व्होल्टेज कमी असेल तर वेळ जास्त लागतो. विकत घेण्यापूर्वी वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी.

रात्रीचे ताट

संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर पाळीवरच्या माणसाची आमटी-भाजी काचेच्या वाडग्यात, भात दुसऱ्या वाडग्यात काढून, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा. भात तासन् तास उघड्यावर राहू देऊ नये. रात्री भातावर चमचाभर पाणी शिंपडावे, वाडगा सैल झाकावा, 2 मिनिटे तापवावे, ढवळून परत 1 मिनिट. सगळीकडून वाफ निघाली पाहिजे. भाकरी ओलसर सुती फडक्यात गुंडाळून 20 सेकंद पुरे. जास्त ठेवली तर ती वातड होते.

हे काम पाणी धरून आलेल्या माणसाने स्वतः करायचे आहे. मोटारीचा स्टार्टर ज्याला चालवता येतो, त्याला ही दोन बटणे काही जड नाहीत. त्यासाठी भगिनींनी एखाद्या दुपारी घरातल्या पुरुषमंडळींना, म्हाताऱ्यांना आणि शाळकरी मुलांनाही एकदा हे दाखवून द्यावे.

घरात यंत्र नसेल तर या लेखामुळे मुद्दाम कर्ज काढून घेऊ नये. पण आहे, त्याचे कव्हर आता काढावे. दिवसभर राबणाऱ्या बाईची रात्रीची झोप त्यातून वाचत असेल, तर यंत्राची किंमत वसूल झाली असे समजावे.