हॅकिंटॉश : ‘कुठल्याही पीसीवर मॅक’ आणि बाकीचे समज

२००६ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली आणि मॅकच्या पोटात जवळजवळ तोच माल आला जो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर मिळत होता. मग स्वतः जुळवलेल्या डब्यावर मॅकओएस चालवायची हौस जगभर पसरली. अशा यंत्राला हॅकिंटॉश म्हणतात. ॲपलचा त्याला पाठिंबा नाही, कधीच नव्हता. हौस अजून टिकून आहे, पण तिच्याबद्दल जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं पंधरा वर्षांपूर्वीचं, नाहीतर अर्धवट असतं.

“कुठल्याही पीसीवर चढते, फक्त पेनड्राइव्ह बनवायचा.”

पेनड्राइव्ह बनवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. मॅकओएसमध्ये ड्रायव्हर असतात ते मुख्यतः ॲपलने स्वतः विकलेल्या यंत्रांपुरते. विंडोजसारखा जगभरच्या हार्डवेअरचा संसार सांभाळायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. त्यामुळे असेंबल्ड पीसी घेताना आपण जे करतो, म्हणजे ठरलेल्या पैशांत जे नवं आणि तगडं मिळेल ते उचलायचं, ते इथे अंगाशी येतं. सुट्या भागांची निवड ॲपलने आधीच केलेली आहे. आपण फक्त तिच्याशी जुळणारा माल हुडकायचा.

मॅकमध्ये आलेली इंटेलची शेवटची डेस्कटॉप पिढी दहावी, २०२०च्या २७ इंची आयमॅकमधली. अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं अंगचं ग्राफिक्स मॅकओएसला चालवता येत नाही. प्रोसेसर तेवढा चालतो, तोही ‘मी जुन्या पिढीचा’ अशी खोटी ओळख सांगून. पण पडद्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागतं आणि बजेट तिथेच कोलमडतं. ‘एफ’ने संपणाऱ्या नावांचे प्रोसेसर जरा स्वस्त पडतात, त्यांना तर अंगचं ग्राफिक्सच नसतं. एएमडीचा रायझन चालतो, पण कर्नलला ठिगळं लावून. शिवाय डॉकरसारख्या ज्या गोष्टींना इंटेलची व्हर्च्युअलायझेशन सोय लागते, त्या तिथे सरळपणे चालत नाहीत.

कमी पैशांत करायचं तर कंपन्यांनी बदलून टाकलेले ऑफिसचे डबे बघावेत, असं माझं मत. डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क, आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेला, रिफर्बिश्ड मिळतो. हाच प्रोसेसर २०१९च्या २७ इंची आयमॅकच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये होता. २०१८च्या मॅक मिनीत त्याचाच सख्खा भाऊ, ८५००बी. त्याचं अंगचं यूएचडी ६३० ग्राफिक्स मॅकओएसच्या ओळखीचं आहे आणि या डब्यांत लॅनची चिप बहुधा इंटेलचीच असते, म्हणजे केबलचं इंटरनेटही फारशी कटकट न करता चालतं. अडचण वेगळीच येते. आडव्या, बुटक्या कॅबिनेटमध्ये उंच ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि आतला एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असल्यामुळे बाजारातला दुसरा तिथे बसत नाही. पुढे कार्ड घालायचं मनात असेल तर टॉवरच घ्या.

“ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचंच घ्या.”

गेमसाठी हा सल्ला ठीक आहे, इथे पैसे बुडवणारा आहे. २०१७च्या हाय सिएरानंतर एनव्हिडियाचे वेगळे ड्रायव्हर मॅकओएसला मिळालेच नाहीत. त्यामुळे जीटीएक्स १०६० किंवा १०८० तिथेच अडकली. केपलर पिढीची त्याहून जुनी कार्डं बिग सरपर्यंत तगली. आरटीएक्स मालिकेतलं एकही कार्ड कधीच चाललं नाही.

म्हणजे एएमडी. पण एएमडी म्हटलं की काम झालं असंही नाही. आरएक्स ६६०० चालतं, त्याच्यानंतरचं ७६०० चालत नाही. ६००० मालिकेतही ६४०० आणि ६५०० एक्सटी ही स्वस्त कार्डं बाद आहेत. सगळ्यात फसवं आरएक्स ५५०. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपची कार्डं विकली गेली. बॅफिन चिपचं असेल तर मॅकओएस त्याला सहज ओळखते. लेक्सा चिपचं असेल तर ओळखत नाही. खोक्यावर, बिलावर, दुकानदाराच्या तोंडी दोन्ही ‘आरएक्स ५५०’च. दुकानात विंडोजवर कार्ड लावून घ्यावं, जीपीयू-झेड नावाचं टूल उघडावं आणि डिव्हाइस आयडी वाचावा. ६९९एफ दिसलं की ते लेक्सा, पैसे देऊ नका.

जुन्या आरएक्स ५७० आणि ५८० बद्दलही एक सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तिथे राबवलेली पुष्कळ कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. काहींचं बायोस मायनिंगसाठी बदललेलं असतं. अशा कार्डाला विंडोजमध्ये नेहमीचा ड्रायव्हर घेतानाच नखरे सुचतात, मग मॅकओएसची काय कथा. पंखा घासतोय का, हे दुकानात उभं राहूनच ऐकावं.

“ही क्रॅक केलेली चोरीची कॉपी असते.”

२०१३च्या मॅव्हरिक्सपासून मॅकओएस फुकट आहे आणि इन्स्टॉलर थेट ॲपलच्याच सर्व्हरवरून उतरवता येतो. आज प्रचारात असलेला ओपनकोअर हा बूटलोडर डिस्कवरच्या मॅकओएसला हात लावत नाही. ती सुरू होण्याआधी तो मध्ये उभा राहतो आणि ‘हे यंत्र आयमॅक आहे’ असं तिला पटवतो. खऱ्या मॅकमध्ये एसएमसी नावाची एक चिप असते आणि ती आहे का याची प्रणाली खात्री करून घेते. ही खात्री करणाऱ्या फाइलचं नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ असं आहे. ॲपलमध्येही कुणीतरी थट्टेखोर बसलेला असणार. व्हर्च्युअलएसएमसी हा जोडभाग त्या चिपची नक्कल करतो.

चोरीचा आणि व्हायरसचा संशय घ्यावा तो कुणीतरी ‘तयार’ करून ठेवलेल्या इमेजवर. त्यात काय मिसळलंय हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या ओपनकोअरचा ईएफआय फोल्डर जसाच्या तसा उचलणंही तितकंच वाईट, कारण त्याबरोबर त्याचा सिरियल नंबर आपल्या यंत्रात येतो. एकाच नंबराची अनेक यंत्रं ॲपलच्या सर्व्हरवर दिसली की आयमेसेज आणि फेसटाइम बंद पडतात, प्रसंगी ॲपल आयडीही अडकतो. स्वतः तयार केलेला नंबर ॲपलच्या वॉरंटी तपासायच्या पानावर टाकून बघावा. तो अवैध आहे असं उत्तर आलं तरच वापरावा. तिथे ‘वैध’ दिसलं तर तो कुणाच्या तरी खऱ्या मॅकचा असतो.

“फुकट आहे म्हणजे कायदेशीर आहे.”

नाही. ॲपलच्या परवान्यात मॅकओएस फक्त ॲपलच्या नाममुद्रेच्या संगणकावर चालवायची अट आहे. तुमचं असेंबल्ड यंत्र त्यात बसत नाही. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने एप्रिल २००८ मध्ये मॅकओएस घातलेले पीसी उघड विकायला काढले. ॲपलने जुलैमध्ये खटला भरला, नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही सायस्टार हरली. घरात हौसेने करणारा आणि दुकान थाटून विकणारा यांत फरक आहे, पण परवान्याचा भंग दोघांकडूनही होतो. धंद्यासाठी, ऑफिसच्या कामासाठी असा डबा ठेवू नये. आणि ‘मॅक घालून’ पीसी विकणाऱ्याकडून तर तो मुळीच घेऊ नये.

“एकदा बूट झालं की सुटलो.”

बूट झाल्यावर खरं काम सुरू होतं. सगळ्यांना गाठणारी भानगड यूएसबीची. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५च पोर्ट मानते. आपल्याला पाठीमागे दिसणारं निळं यूएसबी ३ भोक ती दोन पोर्ट म्हणून मोजते, एक जुन्या वेगासाठी आणि एक नव्या. बऱ्याच मदरबोर्डांवर ही गिनती १५च्या पुढे जाते. मग इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह नेमका मोजणीतून सुटलेल्या पोर्टवर असतो आणि काळ्या पडद्यावर ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही ओळ पुन्हा पुन्हा उमटत राहते, नाहीतर आडवी रेघ मारलेलं गोल निषेधचिन्ह येतं. लोक अशा वेळी हार्ड डिस्क बदलतात, रॅम काढून पुसतात. पेनड्राइव्ह बाजूच्या यूएसबी २ पोर्टात लावून बघायचं, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नंतर एकेका पोर्टात काहीतरी खुपसून कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा याचा नकाशा बनवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर यंत्र झोपेतून धड उठत नाही.

वायफायमध्ये इंटेलचं कार्ड हौशी मंडळींनी लिहिलेल्या ड्रायव्हरवर चालतं, एअरड्रॉप मात्र मिळत नाही. एअरड्रॉपसाठी घेतली जाणारी जुनी ब्रॉडकॉम कार्डं २०२३च्या सोनोमाने बाहेर काढली. आवाजाचं २०२५च्या टाहोत तसंच झालं : जुना ड्रायव्हर ॲपलने काढून टाकला. तिथे साधा यूएसबी साउंड अडॅप्टर लावणं सगळ्यात सोपं. दर अपडेटआधी ईएफआय फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर असायलाच हवी, आणि नवं व्हर्जन आल्या दिवशी कधीच चढवू नये.

“मॅकच्या निम्म्या किमतीत मॅक.”

एकेकाळी खरं होतं. २०२४ अखेरीस एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह, आणि हे गणित बिघडलं. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड, एसएमपीएस नवंकोरं घेऊन हॅकिंटॉश बांधणाऱ्याला आज हिशोबाने तरी समर्थन देता येणार नाही. घरात आधीच जुळणारं कार्ड पडून असेल, ऑफिसचा डबा स्वस्तात मिळत असेल, किंवा शिकायचं असेल, तर गोष्ट वेगळी. आयफोनची ॲप बनवणाऱ्याने मात्र यात पडू नये. नवं एक्सकोड नवी मॅकओएस मागत राहतं आणि हॅकिंटॉशचा दम सगळ्यात आधी तिथे संपेल.

“पुढे एआरएमच्या पीसीवर चालवता येईल.”

२०२५ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस, असं ॲपलने त्या वर्षीच्या जून महिन्यात सांगून टाकलं. तिच्यापुढच्या आवृत्त्या ॲपलच्या स्वतःच्या एआरएम चिपवरच चालणार. स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉपही एआरएमच आहे, मग त्यावर का नाही, असं विचारलं जातं. पण ॲपलच्या चिपमध्ये ग्राफिक्स, सुरक्षा आणि बूटची व्यवस्था हे सगळं तिचं खासगी आहे, आणि बाजारात त्याच्या जवळपास जाणारा सुटा भागच मिळत नाही. टाहोला सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र आजवरचा प्रघात पाहता २०२८च्या सुमारापर्यंत मिळत राहतील.

त्यानंतर त्या आय५-८५००च्या डब्यावर विंडोज ११ चढवता येईल. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर आहे.