हरळी

हरळीचं नाव काढलं की आमच्या सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी कपाळाला हात लावतो. काळ्या रानात ती एकदा शिरली की खोल नांगरट करायची, ढेकळं फोडायची आणि मागून बायामाणसांनी वाकून काशा वेचायच्या. एक कांडी राहिली तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येरे माझ्या मागल्या! गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो ती हीच, पण शेतात ती कुणालाच नको असते. बँकेत असताना हरळी काढण्याच्या नांगरटीसाठी मी कितीतरी कर्जप्रकरणं मंजूर केली. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर हीच हरळी ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून मुद्दाम लावतात आणि तळहातावरच्या फोडासारखी जपतात, हे कळायला मात्र मला निवृत्त व्हावं लागलं.

मुलगी एडिंबरोला असते. एका मार्चमध्ये तिच्याकडे गेलो असता जावयांनी सेंट अँड्र्यूजला नेलं. गोल्फची पंढरीच ती! समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूची, नांगराला निरुपयोगी अशी पट्टी असते, तिला तिथे ‘लिंक्स’ म्हणतात. थंडी अजून सरली नव्हती. माळीकाम करणारी माणसं गवतात बारीक भोकं पाडत होती, वर वाळू पसरून ती झाडूने आत सारत होती. खताची घाई नाही, कापणीही बेतानेच. जमिनीला ऊब आल्याशिवाय गवत वाढत नाही, तोवर मुळांना हवा मिळाली आणि पाणी निचरलं की पुरे, असं त्यांचं गणित. टॉम मॉरिस हा 1865 पासून तिथला नामांकित मैदानरक्षक. वाळू पसरण्याची रीत त्याने रुजवली असं सांगतात. त्याआधी शेकडो वर्षं हे गवत राखलं ते मेंढरांनी आणि सशांनी, फुकट.

मेंढरांचं नाव निघालं आणि मला उजनी आठवली.

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. एकूण साठा 117 टीएमसी. करमाळा तालुक्यातल्या केत्तूर, वांगी, वाशिंबे या बाजूच्या गावांची भीमाकाठची रानं पाण्याखाली गेली. पण दर वर्षी माघ-फाल्गुनात कालव्यांना पाणी सुटतं, जलाशय मागे सरतो आणि बुडालेली जमीन हळूहळू उघडी पडते. आधी चिखल, मग भेगा, आणि भेगांच्या कडेनं हरळी. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहूनही ती मरत नाही. हिवाळ्यात आलेले पट्टकादंब हिमालयापलीकडे परतण्याआधी इथल्या कोवळ्या गवतावर चरतात. मग मेंढरं येतात. ती कुरतडतात, तुडवतात, लेंड्या टाकतात. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढतं आणि गाळाचा नवा थर देऊन जातं. सेंट अँड्र्यूजला पगारी माणसं जे वाळूने करतात, ते इथे भीमा गाळाने करते.

आता माझी गोष्ट. 1988 साली मी याच भागातल्या एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात मेंढ्यांसाठी कर्ज मिळे. एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. जमीन धरणात गेलेली. अर्जात ‘चराईची सोय’ असा रकाना होता. ते म्हणाले, “पाणी उतारलं की आमच्याच रानात चारतो की, सायेब.” मी म्हणालो, “जमीन आता सरकारची आहे.” ते म्हणाले, “सरकारची असंल. पण गवत तर आमच्या बांधावरचंच हाय न्हवं?” मी रकान्यात ‘सोय नाही’ असं लिहिलं आणि प्रकरण परत केलं. नियमाला धरूनच केलं. तसं सांगितलं असतं तर साहेबांनी मार्ग काढलाही असता. मी सांगितलं नाही.

सेंट अँड्र्यूजला गेलो तेव्हा कळलं, की 1552 साली तिथल्या आर्चबिशपने सनदेने त्या पट्टीवरचा गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क मान्य केला. सनदेत सशांची तरतूदसुद्धा आहे! पुढे ती जमीन गहाण-विक्रीत सापडली, सशांच्या व्यापाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडणं झाली, पण कागद होता. आजही तिथल्या जुन्या मैदानावर रविवारी खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री घेऊन निवांत फिरतात. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला अशा कागदाचा हेवा वाटणारच. आपल्याकडे गाळपेर जमीन भाडेपट्ट्याने मिळते, प्रकल्पग्रस्तांना प्राधान्यही आहे, पण पट्टा मुदतीचा.

गेल्या फाल्गुनात मुद्दाम त्या गावी गेलो. ते गृहस्थ आता नाहीत. मुलगा भेटला. त्यानं गाळात कडवळ पेरलं होतं आणि कडेची हरळी मेंढरांसाठी तशीच राखली होती. मी माझी ओळख सांगितली, अर्जाचंही सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादांनी पाव्हण्याकडनं चार मेंढ्या अर्धलीनं आणल्या व्हत्या. त्यातनंच वाढली ही.”

मेंढरं पाण्याकडे सरकत होती. तो काठीनं लांब दाखवू लागला. पाणी आणखी दोन बांध उतरलं की त्यांच्या विहिरीचं तोंड दिसणार होतं.