लिनक्स : नवशिक्याच्या अडचणी

‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नेहमींची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. तिच्या जागीं आलेली ‘विंडोज ११’ जुन्या यंत्रांवर सहसा चढत नाहीं, कारण तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ नांवाची सुरक्षा-चिप लागते. त्यामुळें ज्या घरीं आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक आहे, त्या घरच्या वडील मंडळींपुढें एक रोकडा प्रश्न उभा राहिला आहे. धडधाकट यंत्र भंगारांत घालावें, धोका पत्करून तसेंच वापरावें, कीं त्यावर लिनक्स बसवावें? तिसरा मार्ग बिनखर्चाचा आहे. परंतु त्या वाटेवर पहिल्या महिन्यांत ठेंचा लागतात, आणि पुष्कळ लोक त्यांना भिऊन परत फिरतात. या ठेंचा बहुतेक ठरलेल्या असतात. त्यांची ओळख आमच्या लोटे-परशुराम परिसरांतील विद्यार्थ्यांस व पालकांस आधींच करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहून सर्वांस खुला केला. त्याच्या भोंवतालचीं कित्येक उपकरणें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिलेल्या ‘ग्नू’ या उद्योगांतून आलीं. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाचा याचाच एक अवतार तयार केला आहे; आणि रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं मुलांच्या हातीं जे छोटे हिरवे-पांढरे संगणक आले, त्यांतहि लिनक्सच होतें. तेव्हां हें कांहीं केवळ पंडितांचें खेळणें नव्हे.

पहिली गोष्ट मात्र लिनक्सची नव्हेच. ती आहे आपल्या घरच्या कागदपत्रांची. प्रणाली बसवितांना एका टप्प्यावर ‘सर्व डिस्क पुसून बसवावें काय?’ अशा अर्थाचा पर्याय पडद्यावर येतो. तो न वाचतां जो कळ दाबील, त्याच्या घरचे लग्नाचे फोटो आणि दहा वर्षांचा जमाखर्च एका क्षणांत नाहींसा होईल; व तो परत मिळविणें बहुधा कोणाच्याहि हातीं राहणार नाहीं. म्हणून आधीं साऱ्याच्या दोन प्रती काढाव्या आणि त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावी. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळूणच्या बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां एकाच कपाटांत ठेवलेल्या दोन प्रतींची किंमत एका प्रतीइतकीच असते हें आपल्या भागानें पाहिलेलें आहे.

प्रती काढल्यावरहि लगेच बसवूं नये. लिनक्स पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावतां, नुसतें चालवून पाहतां येतें. त्यांत वायफाय लागतें काय, आवाज निघतो काय, छपाईयंत्र ओळखलें जातें काय, हें तासाभरांत कळतें. ज्यांचा व्यापार टॅलीवर चालतो त्यांनीं तें यंत्र बदलूंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. टॅली विंडोजसाठीं घडविलेली आहे. मुलांच्या अभ्यासाचें यंत्र ही गोष्ट निराळी.

आतां अडचणींकडे वळूं. ज्यांनीं एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेविलीं, त्यांस पहिल्याच आठवड्यांत घड्याळ चुकलेलें दिसतें, आणि चुकतें तें नेमकें साडेपांच तासांनीं. हा आंकडाच रोगाचें निदान सांगतो. संगणकाच्या आंतील घड्याळांत विंडोज स्थानिक वेळ लिहितें, तर लिनक्स तेथें जागतिक प्रमाणवेळ आहे असें धरून चालतें. आणि भारताची वेळ तीहून साडेपांच तास पुढें. एकानें लिहिलेलें दुसरा आपल्या समजुतीनें वाचतो, एवढेंच. लिनक्सला ‘टाइम-डेट-सीटीएल’ या आज्ञेनें आंतील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवावयास सांगितलें कीं भांडण मिटतें. पण घड्याळ कांहीं तासांनीं नव्हे, वर्षांनींच मागें गेलें असेल, तर प्रणालीस दोष देऊं नये. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख अशी चुकली म्हणजे बँकेचीं व सरकारी संकेतस्थळेंहि उघडत नाहींत, कारण त्यांचें प्रमाणपत्र त्या तारखेस वैध ठरत नाहीं. आणि नवशिका बिचारा इंटरनेटलाच शिव्या देत बसतो.

दुसरी अडचण आपल्या कोंकणच्या पावसाळ्याची. वीज अवचित जाते, आणि पुढच्या वेळीं यंत्र सुरू होतांना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटून तें मध्येंच थांबतें. येथें बहुतेकांचा धीर सुटतो. खरें पाहतां घाबरण्याचें कारण थोडें आहे. व्यवहारी दुकानदार जसा प्रत्येक देवघेव आधीं रोजकीर्दींत टिपतो आणि मग खतावणींत चढवितो, तशी लिनक्सची आजची नेहमींची फाइलव्यवस्था, ‘ईएक्सटी-४’, करावयाचे फेरफार आधीं एका टिपणवहींत लिहून ठेविते. दिवे गेले तरी वही पाहून हिशोब पुरा करतां येतो, आणि बहुतेक वेळां यंत्र तें आपण होऊन करितें. वहीनेंहि मेळ बसला नाहीं तरच तें आपणांस हांक मारितें. त्या वेळीं पडद्यावर डिस्कच्या ज्या भागाचें नांव आलें असेल, तें अक्षरशः उतरून घ्यावें. मग ‘एफ-एस-सी-के’ हीं चार अक्षरें, जागा सोडून तें नांव, असें लिहून तपासणी करवावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावें. हीच तपासणी चालू, वापरांत असलेल्या भागावर मात्र कधींहि करूं नये. आणखी एक ध्यानांत ठेवावें: टिपणवही सामान्यतः फाइलींच्या मांडणीची असते, मजकुराची नव्हे. जो निबंध जतन केलाच नव्हता तो कोणतीहि वही परत देणार नाहीं.

वीज गेलेली नसतां हाच प्रकार वारंवार घडूं लागला तर गोष्ट निराळी. डिस्कच मरणपंथास लागली असावी. अशा वेळीं दुरुस्तीचा प्रयत्न आधीं करूं नये. आधीं प्रती काढाव्या, मग काय तें करावें.

वायफाय न लागणें ही तक्रार विशिष्ट कंपन्यांच्या, मुख्यत्वें ब्रॉडकॉमच्या, जुन्या चिपांत आढळते. तिच्यासाठीं लागणारी चालक-प्रणाली इंटरनेटवर, आणि इंटरनेट नाहीं, असा तिढा पडतो. यावर उपाय सोपा आहे. मोबाईल तारेनें संगणकास जोडून त्याचें इंटरनेट यंत्रास द्यावें, आणि मेन्यूंतील ड्रायव्हरच्या यादींतून हवी ती निवडावी. त्यापूर्वीं विमानाचें चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली नाहीं ना, तेंहि पाहावें!

विंडोजच्या भागांतील फाइली दिसतात पण त्यांत बदल करतां येत नाहीं, ही तक्रार नेहमींची. विंडोज बंद केल्यासारखें दिसलें तरी ‘फास्ट स्टार्टअप’मुळें अर्धवट निजलेलें असतें, व झोपलेल्याच्या उशाखालील चीज हलवूं नये म्हणून लिनक्स ती केवळ वाचू देतें. विंडोज बंद करतांना शिफ्ट कळ दाबून धरावी, म्हणजे तें पुरतें बंद होतें.

किरकोळ गोष्टी एका दमांत सांगतों. आज्ञा देतांना परवलीचा शब्द टंकला तर पडद्यावर पुष्कळदां ठिपकाहि उमटत नाहीं. कळफलक बिघडलेला नाहीं. इंग्रजी मोठें अक्षर व लहान अक्षर हीं लिनक्सला भिन्न वाटतात. नवें सॉफ्टवेअर बसवितांना ‘कुलूप लागलें आहे’ अशा अर्थाचा संदेश आला तर मागें अद्ययावतीकरण चालू आहे. दहा मिनिटें थांबावें, कुलूप तोडूं नये.

मराठी मजकुराची अडचण जरा समजून घेण्यासारखी आहे. टंकलेखनाच्या दुकानांतून आलेला अर्ज लिनक्सवर उघडला तर कधीं नुसतीं निरर्थक इंग्रजी अक्षरें दिसतात. त्याचें कारण छापखान्याच्या उपमेनें कळेल. जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकले आणि १८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर काढला. तेथें प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला असे. ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या जुन्या फॉन्टांनीं मराठी खिळे इंग्रजीच्या खणांत भरले. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाहीं, तें यंत्र खणावरील इंग्रजी चिठ्ठीच वाचून दाखविणार. १९९१ सालीं, म्हणजे लिनक्सच्याच वर्षीं, युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि तिनें देवनागरीस स्वतःचे खण दिले. म्हणून जुना मजकूर परिवर्तक वापरून युनिकोडमध्यें आणावा, आणि नवा मजकूर ‘आयबस’मधून इन्स्क्रिप्ट कळफलक निवडून युनिकोडमध्येंच लिहावा. इन्स्क्रिप्ट पहिले कांहीं दिवस हाताला जड जातो, पण मुलें तो मोठ्यांपेक्षां लवकर उचलतात.

इतकें करूनहि अडलें तर कोणास तरी विचारावें लागेलच. विचारतांना ‘चालत नाहीं’ एवढेंच सांगूं नये. यंत्राचा मॉडेल क्रमांक, लिनक्सची आवृत्ति, पडद्यावरील संदेशाचे नेमके शब्द, आणि बिघाडापूर्वीं शेवटचें आपण काय केलें, या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्या. उत्तरादाखल कोणीं अनोळखी माणसानें एखादी लांबलचक आज्ञा दिली व तिच्या आरंभीं ‘सुडो’ हा शब्द असला, तर अर्थ कळल्याशिवाय ती चालवूं नये. त्या शब्दानें साऱ्या घराच्या किल्ल्या आज्ञेच्या हातीं जातात. ज्यांस घरींच शिकावयाचें असेल, त्यांच्यासाठीं मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठी आवाजांत विनामूल्य आहेत. ते एकदां उतरवून घेतले म्हणजे पावसांत इंटरनेट गेलेलें असतांहि पाहतां येतात.