पाल्याचा मोबाईल, पालकाची मर्यादा

रुआबांधा येथे राहणाऱ्या अज्ञान मुलासाठी पालक नेमण्याचा अर्ज दुर्गच्या न्यायालयात करावा लागतो. कारण १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयालाच तो अधिकार आहे. नियुक्तीनंतर पाल्याच्या मोबाईलवर कितपत देखरेख ठेवावी, हा प्रश्न आज घरोघरी उभा राहतो.

कलम २० नुसार पालक हा विश्वस्त आहे. पदाचा लाभ त्याने स्वतःसाठी घ्यावयाचा नाही. कलम २४ आरोग्य व शिक्षणाची जबाबदारी त्याच्यावर सोपविते. फसवणूक टाळण्यासाठी ठेवलेली देखरेख या कर्तव्याशी सुसंगत ठरते. ताब्याच्या वादात पुरावा जमविण्यासाठी चोरून ऐकलेल्या संभाषणांचे समर्थन मात्र कठीण. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने दुर्गच्या एका प्रकरणात, पतीला पत्नीच्या मोबाईलचा वा बँक खात्याचा पासवर्ड सक्तीने मागता येत नाही, असे सांगितले. तो वाद प्रौढांचा होता. तरी त्यातील विवेक पालकांनीही लक्षात घ्यावा. मतभेद झाल्यास कलम ४३ नुसार पालकाच्या वर्तनाविषयी न्यायालयाचा आदेश मिळविता येतो.

अशा पाल्याचे सज्ञानतेचे वय पूर्वी २१ होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. त्या दिवसापासून मोबाईल, खाते आणि ओटीपी ही सर्वस्वी त्याचीच. सुज्ञ पालकाने तत्पूर्वीच हिशेब व कागदपत्रे नीट लावून ठेवावीत, हे उत्तम.