गाडीला पुढची नंबरप्लेट हवीच कशाला?

खंडेनवमीच्या दिवशी म्हैसूर शहरातल्या कुठल्याही गल्लीत चक्कर मारा. आयुधपूजेसाठी मोटारी, स्कूटर, रिक्षा धुऊनपुसून दारात उभ्या असतात. पुढच्या बाजूला केळीचे खुंट, त्यावर झेंडूचा भरगच्च हार, चाकांखाली लिंबे. कुंकू घातलेला कोहळा फोडला की पूजा झाली. आपण दसऱ्याला गाडीची पूजा करतो, तसाच हा सोहळा.

या थाटात गाडीची पुढची नंबरप्लेट मात्र हाराखाली झाकून जाते. हार दोन दिवसांत सुकतो, निघतो. पण वर्षभर ही पाटी वाकवून, झाकून किंवा काढूनच फिरणारी मंडळी म्हैसुरात आहेत, तशी पुण्या-कोल्हापुरातही आहेत. त्यांना टोकले, तर उत्तर ठरलेले असते, "मागे नंबर आहे ना? मग पुढे कशाला?"

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पन्नासाव्या नियमानुसार नंबर पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा. मोटारीच्या पाटीवरील अक्षरे ६५ मिलिमीटर उंच असावीत. मोटारसायकलच्या पुढच्या पाटीवर ३० मिलिमीटर चालतात. अक्षरे आणि अंक इंग्रजीच हवेत. म्हणजे ४१४१ हा नंबर वळवून 'दादा' लिहिणे कितीही झोकात दिसले, तरी बेकायदाच. यातून बड्यांनाही सूट नाही. राष्ट्रपती, राज्यपाल यांच्या गाड्यांवरही नोंदणी क्रमांक असला पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले.

परदेशात काय चालते?

पाटी नको म्हणणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. अमेरिकेत फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन या राज्यांत मोटारीला फक्त मागची पाटी पुरते. ओहायोने पोलिसांचा विरोध असतानाही १ जुलै २०२० पासून पुढची पाटी रद्द केली. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कमध्ये मात्र दोन्ही लागतात. ब्रिटनमध्ये मोटारसायकलला पुढे पाटी लागत नाही. खर्च वाचतो, गाडीचे रूप बिघडत नाही, हे त्यांचे मुद्दे. मग आपणच ही सक्ती का सोसायची?

प्रश्न रूपाचा नाही

याचे उत्तर अपघातानंतर मिळते. समोरून येणारी गाडी एखाद्याला धडकते, चालक गाडी मागे घेतो, वळवतो आणि पसार होतो. पाहणाऱ्याला दिसतो तो गाडीचा पुढचा भाग. नंबर मिळाला, तर मालक सापडतो, विमा कंपनी सापडते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते.

आणि नंबर मिळालाच नाही तर? मग सरकारी योजनेतली ठरावीक रक्कम तेवढी उरते. मृत्यूसाठी २ लाख रुपये, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. तीही १ एप्रिल २०२२ पासून वाढली. त्याआधी ती अवघी २५ हजार आणि साडेबारा हजार होती. घरातला कमावता माणूस गेला, तर दोन लाखांत लेकरांचे शिक्षण किती वर्षे चालेल, याचा हिशेब कुठलीही गृहिणी करू शकेल.

बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्ग मार्च २०२३ मध्ये खुला झाला. तिथे झालेल्या जीवघेण्या अपघातांनंतर वेगमर्यादा आली, १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना मुख्य मार्गावर बंदी झाली, कॅमेरेही बसले. पण कॅमेरा कितीही महागडा असला, तरी नसलेली पाटी तो कशी वाचणार?

एवढे तर करू या

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याचा आदेश कर्नाटकाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला, पाठोपाठ महाराष्ट्रानेही. आपल्या जुन्या गाडीला ती नसेल, तर बसवून घ्या. पावसाळ्यात पाटीवरचा चिखल पुसा. पूजेचा हार थोडा वर बांधा. देवी काही रागावणार नाही. मुलाने नव्या मोटारसायकलची पुढची पाटी हौसेने काढली असेल, तर त्याला समजवा. उद्या दुसऱ्या कुणी अशीच पाटी काढलेली असेल आणि रस्त्यावर आपले माणूस पडलेले असेल, तेव्हा आपण कुणाचा नंबर शोधणार?